देवगडहून आलेली आल्टो आणि गंजलेले बोल्ट

मामांची आल्टो देवगडला तेरा वर्षं होती आणि त्यातली बहुतेक वर्षं समुद्रापासून पाच मिनिटांच्या अंतरावर, पत्र्याच्या उघड्या शेडमध्ये. मामांना आता गाडी चालवायला झेपेना म्हणून ती मी घेतली, करूळ घाट चढवून गगनबावड्यावरून कोल्हापुरात आणली. वरून बघाल तर गाडी एकदम झकास, पत्रा चकचकीत, इंजिनाचा आवाज गुळगुळीत. कळ्याच्या अलीकडं जरा खड्डे लागले आणि पुढच्या डाव्या बाजूनं टक टक टक सुरू झालं ते घरापर्यंत थांबलंच नाही.

घरी आल्यावर जॅक लावून खाली डोकावलो. लोअर आर्म म्हणजे चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा, त्याच्या आतल्या टोकाच्या बुशचं रबर फाटून बाहेर आलेलं, बाहेरच्या टोकाच्या बॉल जॉइंटला हातानं हलवलं तरी खेळ जाणवत होता, उजवीकडं पण तीच गत. दोन्ही आर्म बदलायचे, एवढं साधं काम. आल्टोच्या आर्मला बघायला गेलं तर तीनच जोड असतात, आतल्या बुशचा बोल्ट, स्टॅबिलायझर बारच्या (वळणावर गाडी कलू न देणाऱ्या दांडीच्या) टोकाचा नट आणि बॉल जॉइंट धरून ठेवणारा नकलवरचा (knuckle, ज्या भागावर चाक बसतं तो) आवळ बोल्ट. पण ते तिन्ही जोड गंजानं एक झालेले. नट कुठं संपतोय आणि बोल्ट कुठं सुरू होतोय ते कळत नव्हतं, वर पापुद्रे सुटलेले, बोटानं ओढलं की शंकरपाळीच्या पदरासारखे निघत होते.

खाऱ्या वाऱ्याचं असं असतंय की मीठ नुसतं बसत नाही, ते हवेतला ओलावा ओढून घेतं आणि त्या खारट ओलाव्यात लोखंड साध्या पाण्यापेक्षा कितीतरी लवकर गंजतं. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो. म्हणजे आट्यांमधली जी केसाएवढी फट असते तिच्यात गंज फुगून बसतो आणि नट बोल्टला आतून पाचर मारल्यासारखा धरतो. तुम्ही पान्यानं फिरवायला जाता तेव्हा नटाशी भांडत नसता, त्या पाचरीशी भांडत असता.

आमचे अप्पा उद्यमनगरात चौतीस वर्षं लेथवर होते. ते बाहेर आले, गुडघ्यावर बसले, बॅटरी मारून दोन्ही बाजू बघितल्या आणि म्हणाले, "आज पाना लावू नकोस. आज नुसतं तेल पाज."

मला शनिवार रविवारात काम उरकून टाकायचं होतं, सोमवारी खंडेनवमी होती आणि त्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पूजेत बसतात, मग दसरा होईपर्यंत हात लावायचा नाही असा आमच्यात नियम आहे. तरी अप्पांचं ऐकलं आणि मंगळवारीच सुरुवात केली ते बरं झालं.

पहिलं काम तारेच्या ब्रशचं. हे काम कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात, पण नटाच्या बाहेर जे आटे दिसतात ना ते आधी साफ झालेच पाहिजेत. नट सुटून बाहेर येणार तो त्याच आट्यांवरून, आणि ते गंजानं बुजलेले असतील तर सुटलेला नट दोन फेऱ्यांत पुन्हा जाम होतो. मी एकेका बोल्टला दहा दहा मिनिटं दिली, आट्यांच्या खाचा स्पष्ट दिसेपर्यंत.

मग तेल. घरात डब्ल्यूडी फोर्टीचा डबा होता, तो मुळात १९५३ साली अमेरिकेत पाणी हटवायला आणि गंज धरू नये म्हणून बनवलेला, चाळिसाव्या प्रयत्नात जमला म्हणून नावात चाळीस. हलक्या जाम बोल्टला मी तोच वापरतो. पण इथं तेरा वर्षांचा खारा गंज होता म्हणून अप्पांनी त्यांच्या कारखान्यातली जुनी पद्धत सांगितली, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल आणि अ‍ॅसिटोन निम्मं निम्मं. काचेच्या बाटलीत करायचं, काही प्लास्टिकं अ‍ॅसिटोननं विरघळतात, आणि दर वेळी हलवून घ्यायचं कारण दोन्ही नीट मिसळून राहत नाहीत. अ‍ॅसिटोन तेलाला पातळ करून फटीत नेतं आणि स्वतः उडून जातं, तेल आत राहतं. अ‍ॅसिटोन पेट्रोलसारखं पेटतं, त्यामुळं आजूबाजूला विडी सिगरेट नको, आणि ज्या दिवशी तापवायचं किंवा वेल्डिंग करायचं त्या दिवशी हे अजिबात मारायचं नाही, आदल्या दिवशीचं पण पुसून वाळवून घ्यायचं.

मंगळवार, बुधवार, गुरुवार, रोज संध्याकाळी ऑफिसातून आलं की चहाच्या आधी गाडीखाली. तेल सोडायचं आणि हलक्या हातोडीनं बोल्टच्या डोक्यावर दहा पंधरा टोले, जोरात नाही, दारावर टकटक करतो तेवढेच. त्या थरथरीनं गंजात बारीक भेगा पडतात आणि तेल आत उतरतं. तिसऱ्या दिवशी आवळ बोल्टच्या दुसऱ्या टोकाला तांबूस रंगाचं तेल पाझरलेलं दिसलं. म्हणजे एका बाजूनं सोडलेलं तेल आरपार गेलं होतं. अप्पांना दाखवलं, ते म्हणाले, "आता बघ लावून."

शुक्रवारी रजा टाकली. हँडब्रेक, मागच्या चाकांना विटा, चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच ढिले केले. तेही सोपं नव्हतं, आधी कुठल्यातरी गॅरेजनं हवेच्या गननं इतके आवळले होते की एका नटाचे कोपरे गोल झालेले. जॅकवर गाडी उचलून दोन्ही बाजूंना स्टँड लावले. नुसत्या जॅकच्या भरवशावर मी गाडीखाली हात घालत नाही. जाम बोल्ट सोडताना तर गाडीला हिसके बसतात, तिथं हा नियम मोडायचाच नाही.

पान्याबद्दल एक सांगतो. गोटी, म्हणजे सॉकेट, सहा कोनीच घ्या. बारा कोनी गोटी घरात जास्त असते कारण ती पटकन बसते, पण ती नटाला कोपऱ्यावर धरते, आणि गंजून बारीक झालेल्या नटाचे कोपरेच पहिल्यांदा जातात. सहा कोनी गोटी सपाट अंगावर धरते. एकदा नट गोल झाला की मग तुमचं काम तिप्पट. फिक्स पाना तर असल्या नटाला लावूच नये, दोनच बाजू धरतो. आणि रॅचेटनं जोर करू नका, त्यातले दाते तुटतात, साधी लांब टॉमी, म्हणजे दांडा, घ्या.

डावा आवळ बोल्ट. १४ ची गोटी ठोकून बसवली आणि आधी आवळायच्या दिशेनं हिसका दिला. आधी आवळायचं, हे मला अप्पांनी शाळेत असताना शिकवलंय, गंजाची पकड कुठल्याही दिशेनं मोडली तरी मोडते, आणि आवळायच्या बाजूला थोडंसं हललं की मग उलट्या बाजूला येतो. दोन हिसके आवळायला, दोन सोडवायला. चौथ्याला टक् असा आवाज आला.

हा आवाज ओळखायला शिकलं पाहिजे. पकड सुटते तेव्हा टक् होतं आणि हाताला कोरडा धक्का बसतो, पाना एकदम दोन बोटं सरकतो आणि पुन्हा घट्ट होतो. तिथून पुढं फिरवताना कर्र कर्र असा आवाज येतो, तोपण चांगला, गंज भरडला जातोय असा त्याचा अर्थ. पण आता घाई करायची नाही. पाव फेरी सोडायला, त्यातली अर्धी परत आवळायला, तेल, पुन्हा पाव फेरी जास्त सोडायला. आत भरडलेल्या गंजाची भुकटी साचते, ती मागं पुढं करून बाहेर नाही काढली तर तीच पाचर होऊन बसते आणि आटे खाते. त्या एका बोल्टला चाळीस मिनिटं लागली. शेवटच्या फेऱ्या हातानं निघाल्या आणि बोल्ट तळहातावर आला तेव्हा आट्यांमध्ये कॉफीच्या पावडरीसारखी ओली भुकटी बसलेली, आणि खालचा पोलाद जागोजागी अजून चमकत होता.

स्टॅबिलायझरच्या नटाची स्प्लिट पिन, नट आपोआप सुटू नये म्हणून आरपार घातलेली, ओढल्यावर तुटलीच, उरलेली बारीक पंचानं ठोकून काढली. नट अर्ध्या तासात आला.

आतल्या बुशच्या बोल्टनं मात्र फसवलं. नट सुटला, मी खूश. बोल्टचं डोकं फिरवायला गेलो तर फिरतंय पण सोडलं की पाना परत मागं येतोय, स्प्रिंग असल्यासारखा. बोल्ट सुटलेलाच नव्हता. बुशच्या मधोमध लोखंडी नळी असते, स्लीव्ह, आणि बोल्टचा सरळ भाग त्या नळीला गंजानं चिकटलेला. मी बोल्ट फिरवत होतो तेव्हा बोल्ट आणि नळी दोन्ही एकत्र फिरत होते आणि बाहेरचं रबर पिळ खात होतं. इथं तुम्ही दिवसभर फिरवा, काही होत नाही. मागून घणानं ठोकून बघितलं, बोल्टचं टोक फुलायला लागलं म्हणून थांबलो. तापवायचं म्हटलं तर रबर पेटणार.

शेवटी आर्म नवीनच येणार होता, जुन्याचं काय वाचवायचं? आमच्या गल्लीतला एक मित्र सुतारकाम करतो, त्याच्याकडं बॅटरीवर चालणारी करवत आहे, धातूचं पातं लावता येतं. त्याला फोन केला, "भावा, करवत घेऊन ये की जरा." तो आला, आणि बुश आणि ब्रॅकेटच्या मधल्या फटीत पातं घालून आम्ही बोल्ट दोन्ही बाजूंनी कापला. दोन पाती खपली. पात्यावर सतत तेल सोडत होतो आणि करवतीचा वेग कमी ठेवला, पोलाद कठीण असला की वेगानं पातं जळतं आणि मग नुसतं घासतं, कापत नाही. तासाभरानं आर्म खाली पडला. उजव्या बाजूचा बुश बोल्ट पण तसाच होता, तिथं प्रयोग न करता थेट कापला.

संध्याकाळ झाली होती. एकच बोल्ट राहिलेला, उजवा आवळ बोल्ट. आई दोनदा हाक मारून गेली होती जेवायला. मी टॉमीला तीन फुटी पाइप घातला.

माझी चूक इथं झाली आणि ती मी नीट सांगणार आहे. १० एमएमच्या ८.८ ग्रेडच्या (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा आकडा) बोल्टला आवळायला साधारण ५ किलो-मीटर जोर पुरतो, म्हणजे एक मीटर लांब पान्याच्या टोकावर ५ किलोचा भार. तीन फुटाच्या पाइपच्या टोकावर तुम्ही नुसता ३० किलोचा भार दिला तरी तो २७ किलो-मीटरच्या आसपास जातो, म्हणजे पाच पट. पाइपला समज नसते, सगळा जोर बोल्टच्या मानेवर. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाइप लांब असला की हाताला बोल्ट कळत नाही. तरी मला एक गोष्ट जाणवली होती. टक् झालं नाही, कर्र झालं नाही. पाना सरकायला लागला तो मऊ, ओली काठी पिळावी तसा, आणि जोर तेवढाच राहिला किंवा जरा कमीच झाला. त्या क्षणी थांबायला पाहिजे होतं. बोल्ट सुटताना जोर एकदम कमी होतो, बोल्ट पिळला जात असताना तो असा चिकट चिकट येतो. मला वाटलं येतोय, अजून दोन इंच ओढलं, आणि डोकं तुटून गोटीसकट हातात आलं.

अप्पा काही बोलले नाहीत. गोटीतून ते डोकं काढून उजेडात धरलं आणि मला दाखवलं. तुटलेल्या तोंडाचा जवळपास तिसरा भाग तपकिरी होता, उरलेला ताजा, राखाडी, दाणेदार. तपकिरी भाग म्हणजे जुनी चीर, तिच्यात पाणी शिरून आधीच गंजलेलं. हा बोल्ट कितीतरी दिवस दोन तृतीयांश अंगावर बॉल जॉइंट धरून होता, आणि त्याच अवस्थेत मी घाट चढून आलो होतो. ते बघून माझ्या पोटात गोळा आला. त्या दिवसापासून तुटलेला बोल्ट मी फेकून देत नाही, आधी त्याचं तोंड बघतो.

शनिवारी सकाळी अप्पांच्या ओळखीचे एक वेल्डर काका आले, स्कूटरच्या पायात छोटं इन्व्हर्टर मशीन ठेवून. नकलच्या कानातून बोल्टचं बुंधं जेमतेम तीन मिलिमीटर बाहेर होतं. मी म्हटलं, "काका, ड्रिल मारून एक्स्ट्रॅक्टर घालू का?" ते म्हणाले, "घाल की, पण तो आत मोडला तर मग माझ्याकडं येऊ नकोस." बरोबर आहे त्यांचं, एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे तुटलेला बोल्ट बाहेर काढायचं उलट्या आट्यांचं हत्यार, इतका कडक असतो की तो भोकात मोडला तर साधा ड्रिल त्याला चरा पण पाडत नाही.

आधी त्यांनी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावली, गाडीत कॉम्प्युटर आहे म्हणून. अर्थचा चिमटा मी बॉडीला लावायला गेलो तर हात धरला. चिमटा नकललाच, वेल्डिंगच्या जवळ लावायचा. लांब लावला तर करंट वाट शोधत व्हील बेअरिंगमधून जाऊ शकतो आणि त्या गोळ्यांवर डाग पडतात, बेअरिंग लवकरच ओरडायला लागतं. ब्रेकच्या रबरी नळीवर ओलं गोणपाट गुंडाळलं, बाजूला पाण्याची बादली, आणि आदल्या दिवसाचं तेल फडक्यानं पुसून काढलं.

बुंध्यावर एक नट ठेवून त्याच्या भोकातून आत वेल्डिंग भरत आले, म्हणजे नट आणि बुंधं एकजीव. पहिला नट पाना लावल्यावर तुटून निघाला. दुसऱ्याला त्यांनी करंट वाढवला आणि जास्त वेळ धरला, नट लालभडक झाला. मी पाना पुढं केला तर म्हणाले, "थांब रं, लाली जाऊ दे."

लाल असताना पोलाद मऊ असतो, फिरवलं तर पुन्हा पिळून तुटणार. आणि दुसरं असं की बोल्ट तापला की फुगायला बघतो, पण भोवती थंड नकलचं भोक असतं, ते त्याला फुगू देत नाही, मग तो दाबला जातो. निवताना आकसतो तेव्हा आधीपेक्षा किंचित बारीक होतो आणि गंजाचा थर तिथं फुटतो. नट तापवायचा असतो तेव्हा हिशोब उलटा, तिथं बाहेरचा नट पसरायला पाहिजे, १२ एमएमचं भोक ५०० अंशांनी तापवलं तर साधारण ०.०७ मिलिमीटरनं मोठं होतं. ऐकायला काहीच नाही, पण गंजाची पकड मोडायला तेवढं खूप होतं.

लाली गेली तशी काकांनी खिशातून मेणबत्तीचा तुकडा काढून बुंध्याच्या कडेला टेकवला. मेण वितळून धूर करत फटीत ओढलं गेलं, दिव्याची वात तेल ओढते तसं. मग छोटाच रिंग पाना, पाइप नाही. आवळायला एक हलका हिसका, सोडवायला एक. कर्रर्र. मी तो आवाज ऐकून शेजारच्या भिंतीला टेकून उभाच राहिलो. पुढं मागं करत पंधरा मिनिटांत बुंधं बाहेर. काकांनी चहा घेतला, पैसे घ्यायला तयार नव्हते, अप्पांनी बळंच खिशात घातले.

रविवारी बसवायचं. नकलचे आटे साफ करायला टॅप (आटे पाडायचं हत्यार) घातला तो १० बाय १.२५ चा, म्हणजे १० एमएम जाडी आणि दोन आट्यांमधलं अंतर, पिच, १.२५ एमएम. इथं बरेच जण फसतात. हार्डवेअरच्या दुकानात १० चा बोल्ट मागितला की १.५ पिचचा देतात, बाजारात तोच जास्त मिळतो. मारुतीत १० एमएमला १.२५ लागतो. चुकीचा बोल्ट दोन आटे हातानं जातो पण, आणि मग अडतो, आपल्याला वाटतं गंज राहिलाय, म्हणून पाना लावला की नकलचे आटे गेले. सगळा बोल्ट हाताच्या बोटांनी आत गेला पाहिजे, मगच पाना. आणि डोक्यावर ग्रेडचा आकडा बघून घ्या, सस्पेन्शनला बिननंबरी बोल्ट घालू नका. मी चारही बोल्ट पार्टच्या दुकानातून कंपनीचेच आणले.

आट्यांना आणि स्लीव्हमधून जाणाऱ्या भागाला तांब्याचं अँटीसीज, म्हणजे पुन्हा जाम होऊ नये म्हणून लावायची पेस्ट, बोटानं पातळ लावलं. ते लावलं की घर्षण कमी होतं, त्यामुळं टॉर्क पाना (ठरवलेल्या जोराएवढंच आवळणारा) कोरड्या आट्यांसाठीच्या आकड्यापेक्षा थोडा कमी ठेवला. चाकाच्या नटांना लावलं नाही, ते कोरडेच. बुशचा बोल्ट मात्र गाडी हवेत असताना पूर्ण आवळायचा नाही. चाक लटकत असताना आवळला तर गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकरच पुन्हा फाटतं. हलका आवळून, चाकं लावून, गाडी जमिनीवर उतरवून, पुढच्या बाजूला दोनदा दाबून बसवली आणि मग खाली हात घालून शेवटचा आवळ दिला.

संध्याकाळी रंकाळ्याला एक चक्कर मारली. आवाज नाही. खड्ड्यात मुद्दाम घातली, तरी नाही. चाकांची अलाइनमेंट दसऱ्यानंतर करून घेतली.

रात्री सगळे पाने रॉकेलनं धुऊन पुसून अप्पांच्या हवाली केले. सकाळी पाटावर झेंडूच्या फुलांत टॉमी, गोट्या, हातोडी, अप्पांचा जुना मायक्रोमीटर. तीन फुटी पाइप मी ठेवला होता, तो पण त्यांनी राहू दिला.

आता मागच्या डाव्या ब्रेक ड्रमचा ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा छोटा स्क्रू, राहिलाय. तो पोकळ असतो, जोरानं हमखास तुटतो. ड्रम काढायला अडचण नाही, त्याला दोन आट्यांची भोकं असतात, त्यात ८ एमएमचे बोल्ट आळीपाळीनं आवळले की ड्रम स्वतःच सरकून येतो. पण निपलला तेल पाजून आज चौथा दिवस आहे, अजून पलीकडून पाझरलेलं दिसत नाही, म्हणून पाना लावलेला नाही.